पंडितने वर पाहिलं

तात्यारावचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पेडगाव स्टेशनातून मालगाडी हलायची, इंजिन एक लांब शिट्टी द्यायचं आणि बौद्धवस्तीतल्या तीन घरांत तीन गडी एकदमच पांघरूण फेकायचे. तात्याराव, पंडित आणि दत्तराव. तोंडावर पाणी, फडक्यात भाकरी, खांद्यावर घण. तांबडं फुटायच्या आत ते कुणाच्या तरी विहिरीत उतरलेले असायचे. ऊन चढल्यावर घण मारणारा अर्धी ताकद घामाला देतो, असं पंडितचं म्हणणं होतं. ते खरं आहे.

माती आणि मुरूम कुणीही खोदतो. खाली काळा पाषाण लागला की या तिघांना बोलावणं यायचं. पाषाणात सुरुंग लावायचा तर दारू भरायला आधी भोक पाडावं लागतं. पंडित उकिडवा बसून पहार दोन्ही हातांनी उभी धरायचा. दत्तराव आणि तात्याराव समोरासमोर उभे राहून तिच्या माथ्यावर आळीपाळीने घण घालायचे. दोन घावांच्या मध्ये पंडित पहार थोडी फिरवायचा. न फिरवली तर पहार दगडात रुतून बसते. घण कमरेतून मारायचा असतो. खांद्यातून मारणारा दुपारपर्यंत टिकत नाही. घाव उतरायच्या आधी मारणाऱ्याच्या छातीतून आपसूक आवाज निघायचा. दत्तरावचा जाड, 'हाः'. तात्यारावचा नाकातला, 'हुंम्'.

"एकीकडं रेडा, एकीकडं मच्छर," पंडित म्हणायचा. "मपल्या नशिबात मानसंच न्हाईत."

पण पंडित वर बघायचा नाही. पहार धरणाऱ्याची नजर भोकात पाहिजे. घण त्याच्या बोटांपासून वितीवर पडतो. तरी तो भोकातच बघतो, कारण वरच्या माणसावर त्याचा भरवसा असतो. धरणारा वर बघायला लागला की जोडी मोडली असं समजावं. भांडण होत नाही. दुसऱ्या दिवशी कुणी हाक मारत नाही, एवढंच.

दुष्काळ सरला त्या साली तात्याराव दुबईला गेला. हैदराबादला त्याचा मावसभाऊ होता, त्याच्या ओळखीने काम मिळालं. बंदराच्या कामावर त्याच्या हातात दगड फोडायचं मशीन दिलं. हवेच्या दाबावर चालणारं, वीस माणसांचा आवाज करणारं. कानात कापूस कोंबायचा आणि दांडा दाबून धरायचा. कुणाशी बोलायचं तर हाताने. तिथेही दिवस चारलाच सुरू व्हायचा. पाच वर्षांत तो घरी आला नाही. लेकीचं लग्न त्याने पाठवलेल्या पैशात झालं, पण तिला मानवतला सासरी पोचवायला बाप म्हणून पंडित गेला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या माघात तात्याराव कायमचा परत आला.

परतल्यावर पहिल्या सकाळी त्याला जाग आली, तेव्हा मनगटावरच्या घड्याळात बरोबर चार वाजले होते. अंग मोडलं नव्हतं, सवय मोडली नव्हती. तो खुशीत उठला, तोंड धुतलं आणि पंडितच्या दारात गेला. दारात पंडितची बायको चांगुणाबाई सडा टाकून हात पुसत उभी होती.

"भावजी? आता?"

"पंडित उठला का?"

"ते तर कवाच गेले." ती तोंडाला पदर लावून हसली. "दुबईत लोकं इतकं उशिरा उठत्यात व्हय?"

तात्यारावने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा. मग आभाळ पाहिलं. चांदण्या विरळ झाल्या होत्या. घड्याळ दुबईचं होतं, आणि दुबई पेडगावच्या दीड तास मागे होती. डोळेही दुबईच्याच वेळेला उघडले होते.

आदल्या संध्याकाळी तर याहून वाईट झालं होतं. पंडित आणि दत्तराव भेटायला आले ते धुतलेले सदरे घालून. जयभीम घातला. तात्यारावच्या बायकोने, सुलाबाईने, बाजेवर चादर अंथरली होती. बाजेच्या कडेला दोघं असे टेकले की जणू ती मोडली तर भरून द्यावी लागेल.

"प्रवासाची तकलीफ न्हाई ना झाली?" दत्तरावने विचारलं. "तुमी बसा ना. तुमी कामून उभे?"

तुमी! ज्या माणसाने त्याला पंधरा वर्षं शिवीशिवाय हाक मारली नव्हती, तो तुमी म्हणत होता.

तात्यारावनेही चूक केली. पेटी उघडून त्याने वस्तू वाटल्या. पंडितला थर्मास, दत्तरावला अत्तराची बाटली. पाव्हण्याने द्यावं तसं दिलं, पाव्हण्याकडून घ्यावं तसं त्यांनी घेतलं. पंडितने थर्मास फडक्यात गुंडाळून घरी नेला आणि फळीवर ठेवला, तो कुणाला हात लावू दिला नाही. दत्तरावने दुसऱ्या दिवशी अत्तर लावून विहिरीत उतरायचं धाडस केलं. भाकरी खायला वर आला तर बांधावरच्या मधमाश्या त्याला भेटायला आल्या. संध्याकाळी एक डोळा सुजवून तो म्हणाला, "वास लय झ्याक हाय, तात्याराव. फकस्त लांबून घ्यावा लागतो."

सुलाबाई हसली. तात्याराव हसला नाही. तात्याराव! तात्या म्हणायला काय झालं होतं?

त्याच्या जीवाला हे लागायचं कारण होतं, आणि ते फक्त सुलाबाईला ठाऊक होतं. वस्तीच्या वरच्या अंगाला त्याच्या वाटणीचा एक तुकडा होता. तिथे त्याला पिण्याच्या पाण्याचा आड खोदायचा होता. पंधरा वर्षं त्या तिघांनी पंचक्रोशीतल्या मळ्यांना पाणी काढून दिलं, आणि त्यांच्या बायका घागरी घेऊन स्टेशनच्या नळावर जात राहिल्या. इंजिनाचं पाणी भरून होईपर्यंत उभं राहायचं. नळवाल्याची मर्जी असेल तर घागर भरायची. दुबईत मशीन धरून धरून हात सुन्न व्हायचे तेव्हा तात्यारावच्या डोळ्यांसमोर तो आड असायचा, आणि आडात उकिडवा बसलेला पंडित.

"मंग सांगून टाका की त्यास्नी," सुलाबाई म्हणाली.

"आत्ता सांगितलं तर काय व्हईल? मी मालक आन ते मजूर. आधीच तुमी तुमी करायलेत. मंग साहेब म्हनतील."

"मंग परभणीहून मशीनवाले आना. ट्रॅक्टरवर मशीन आसती म्हनं. आठ दिसांत काम व्हतंय."

"मशीनच धरायची व्हती तर मी परत कामून आलो?" तात्याराव म्हणाला. "आधी जोडी जमू दे. आड मंग."

पण जोडीत जागा नव्हती. त्याच्या जागी सटवाजी घण मारत होता. चांगला गडी, तात्यारावपेक्षा रुंद. कुणाची भाकरी ओढून घ्यायची नाही, एवढं तात्यारावला कळत होतं. तो रोज विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. विहिरीचा मालक माणिकराव त्याच्यासाठी खुर्ची मागवायचा. खुर्चीवर बसून खाली काम करणाऱ्या दोस्ताकडे बघणं किती अवघड असतं, ते बसलेल्यालाच ठाऊक.

मग एका बुधवारी सटवाजी लेकीला बाळंतपणाला आणायला जिंतूरला गेला. एक हात कमी पडला. तात्याराव आदल्या दिवसापासून टपूनच होता.

"मी येतो खाली."

पंडितने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या. कापड खराब व्हईल."

तात्यारावने सदरा काढून खुर्चीला घातला. "घ्या. आता खुर्चीला सांगा, तुमी बसा म्हनून."

दत्तराव खदखदून हसला. पंडितही हसला, पण जरासा. तात्याराव दोराला धरून खाली उतरला. विहिरीच्या तळाचा थंडावा, जळालेल्या दारूचा वास, ओला दगड. त्याने घण उचलून पाहिला. दांडा बाभळीचाच, घासून गुळगुळीत झालेला. अंगाला सगळं आठवलं.

पंडित बसला. पहार उभी धरली. दत्तरावने पहिला घाव घातला, 'हाः'. पंडितने पहार फिरवली. तात्यारावने घण कमरेतून वर नेला.

पंडितने वर पाहिलं.

घण खाली आला तो पहारीच्या माथ्यावर बरोबर मधोमध. टणत्कार स्वच्छ होता. पण तात्यारावला तो ऐकूच आला नाही. दत्तरावचा घाव पडला, पंडितने खाली पाहिलं. तात्यारावचा घण वर गेला, पंडितने वर पाहिलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तात्यारावने घण हळूच खाली टेकवला.

"काय झालं?" दत्तरावने विचारलं.

"काई न्हाई."

पंडित कपाळावरचा घाम पुसत होता. इतक्या लवकर त्याला कधी घाम येत नसे. "मलाच कळंना गड्या," तो म्हणाला. "तुमचा घाव तर नीट बसायलाय. पर घण येतोय का न्हाई, त्येच उमगंना. जीव घाबरा व्हतोय."

"मी चार टोपली दगड वर देतो," तात्याराव म्हणाला, आणि दिवसभर त्याने टोपली भरली. एकही रिकामी वर जाऊ दिली नाही.

घरी येऊन तो भिंतीला पाठ लावून बसला. घाव चुकला असता तर बरं झालं असतं, त्याला वाटलं. चुकलेला घाव सुधारता येतो. घाव बरोबर असूनही पंडितला भीती वाटते, म्हणजे भीती तात्यारावचीच आहे. पाच वर्षांत त्याच्या दोस्ताच्या लेखी तो परका झाला. आता परभणीचे मशीनवाले आणायचे, पैसे मोजायचे, आणि आडाच्या काठावर खुर्ची टाकून बसायचं.

अंगणात सुलाबाई आणि चांगुणाबाई उखळात तिखट कांडत होत्या. नव्या मिरच्या वाळून आल्या होत्या. एक उखळ, दोन मुसळं. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. तिखटाची झोंबरी खाट उडून दोघींच्या नाकाडोळ्यांना पाणी लागलं होतं, तरी तोंड चालू होतं.

"माणिकरावाची सून, हूं, पुण्याची हाय म्हनं, हूं."

"हूं, भाकरी येती का तिला?"

"हूं, येती म्हनं, हूं, खाया येती."

दोघी हसायला लागल्या. सुलाबाईला हसता हसता शिंक येऊ लागली, ती दम रोखून गप्प झाली आणि मुसळ तसंच हाणलं. चांगुणाबाईने झटकन आपलं मुसळ मागे ओढलं.

"अगं बये! आवाज कर की! मुसळावर मुसळ आपटलं आसतं."

"शिक येत व्हती बाई."

"शिक येवो न्हाईतर सासू येवो. आवाज न्हाई तर मला कसं कळंल तुपलं मुसळ कुठं हाय त्ये? मी काय तुपल्या तोंडाकडं बघत कांडू?"

तात्याराव ताडकन उभा राहिला.

"सुला!"

"काय वं?"

"मी घण मारतानी आवाज करायचो का गं?"

सुलाबाईने डोळे पुसत त्याच्याकडे पाहिलं. चांगुणाबाईनेच उत्तर दिलं. "करायचे तर काय! आमच्या घरी रोज नक्कल व्हायची तुमची. मच्छर म्हनायचे न्हाई का आमचे हे?"

पाच वर्षं मशीनच्या गोंगाटात, कानात कापूस घालून तात्याराव मुका झाला होता. हुंकार द्यायचा कुणाला? मशीनला? छातीतला आवाज केव्हा गेला त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. आणि पंडित बिचारा! तो कधी डोळ्यांनी घण बघतच नव्हता. तो कानांनी बघायचा. 'हाः' झालं की दत्तराव, 'हुंम्' झालं की तात्या. मधल्या पोकळीत पहार फिरवायची. आज त्याला एका बाजूने नुसती शांतता ऐकू येत होती, आणि शांततेतून घण येत होता. कोण वर बघणार नाही?

तात्याराव अंगणात आला, कोपऱ्यातलं तिसरं मुसळ उचललं, कमरेतून वर नेलं आणि हाणलं. "हुंम्!"

खाट उडाली. तिघंही शिंकू लागले.

"जमलं का?" त्याने विचारलं.

"मच्छर लय म्हातारा झालाय," चांगुणाबाई म्हणाली, "पर हाय त्योच."

त्याच संध्याकाळी तात्यारावने घड्याळ दीड तास पुढे केलं.

दुसऱ्या पहाटे मालगाडीने शिट्टी दिली तेव्हा तो फडक्यात भाकरी बांधून पंडितच्या दारात उभा होता. पंडित डोळे चोळत बाहेर आला आणि थबकला. दत्तरावही येऊन मिळाला. तिघं अंधारातून माणिकरावच्या मळ्याकडे निघाले. पावलं जुन्या चालीने पडत होती. पंडित मध्ये, दोघे दोन बाजूंना.

खाली उतरल्यावर पंडित बसला. पहार धरताना त्याच्या बोटांचे सांधे पांढरे झालेले तात्यारावला दिसले. तरी त्याने धरली. भीती वाटत असताना पहार धरणं ही मेहनतीची गोष्ट आहे, आणि ती मजुरीत धरली जात नाही.

दत्तरावने घाव घातला. 'हाः.' पंडितने पहार फिरवली. त्याची मान वर उचलायला लागली होती.

"हुंम्!"

मान अर्ध्यातच थांबली. घण पहारीवर बसला. पंडितने पहार फिरवली. 'हाः.' फिरवली. 'हुंम्.' फिरवली. मान हळूहळू खाली गेली, खांदे सैल झाले, नजर भोकात स्थिरावली. दगडाची पांढरी भुकटी भोकाच्या कडेला जमू लागली. भोक बोटभर झालं, मग चार बोटं. पंडितने त्यात पाणी ओतलं, चिखल काढून टाकला आणि खालीच बघत म्हणाला,

"मच्छर परत आला वाटतं."

"दुबईचं रगत लय पातळ हाय," तात्याराव म्हणाला.

"मंग काल कुठं मेला व्हतास रे भाड्या? कालचा इळभर मपल्या छातीत धडधड करायलंय! बायकोला म्हनलो, हात गेले मपले आता."

दत्तरावने घण टाकून दिला आणि पोट धरून खालीच बसला. तात्याराव हसत होता आणि त्याचे डोळे गळत होते. आदल्या दिवशीचं तिखट अजून उतरलं नाही, असं त्याने सांगितलं. शिवीसकट 'तू' ऐकायला मिळालं होतं. पाच वर्षांत त्याच्या कानावर पडलेला पहिला नीट शब्द.

भाकरी खाताना त्याने आडाचं सांगितलं. जागा सांगितली, खोली सांगितली, पाषाण कुठे लागेल याचा अंदाज सांगितला. दोघं ऐकत राहिले. दत्तरावने चावणं थांबवलं होतं.

"मजुरी?" पंडितने विचारलं.

"पुरी. माणिकराव देतो तीच."

"तसं आसंल तर हाव, येतो. फुकटची मेहनत मी बापाला बी दिली न्हाई. फुकट खोदलेली हीर वाकडी जाती." मग तो थोडा घुटमळला. "पर मालक कोन? तू?"

हीच गाठ होती.

"मालक काठावर आसला की माझं ध्यान वर जातंय," पंडित म्हणाला. "मंग पहारीकडं कोन बघंल?"

"मी काठावर न्हाई. मी खाली. घण मारनार."

"आन पैसे?"

तात्यारावने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्याला. "पैसे सुलाचे," तो म्हणाला. "मी घरी जाऊन तिच्या हातात देतो. मालकीन ती. मजुरी तीच वाटंल. मला बी."

"तुला बी?" दत्तराव ओरडला. "बायको मजुरी देनार तुला?"

"कामाला आलो तर देईल. खाडा केला तर कापून घेईल. लय कडक हाय ती."

माणिकरावची विहीर संपली आणि आडाचं काम सुरू झालं. सटवाजी जिंतूरहून आला होता, त्याचंही काम ठेवलं. दोन घण मारणारे दमले की तिसरा पुढे व्हायचा, त्यामुळे ऊन चढायच्या आत दुप्पट भोकं होऊ लागली. पंडितचा थर्मास फळीवरून खाली आला. तिसऱ्या दिवशी टोपलीतला दगड लागून त्याला पोचा पडला, आणि त्यानंतर तो कामाचा झाला. दत्तरावने अत्तराची बाटली चांगुणाबाईच्या हवाली केली. मधमाश्या तिच्या वाटेला जाणार नाहीत, असं तो म्हणाला. ते तिला ऐकू गेलं, आणि दोन दिवस तिने त्याला चहा दिला नाही.

दर शनिवारी संध्याकाळी सुलाबाई अंगणात पाट टाकून बसायची. चौघं हातपाय धुऊन समोर यायचे. ती एकेकाच्या हातावर मजुरी ठेवायची आणि प्रत्येकाचं काम बोलून दाखवायची. पहिल्या शनिवारी तात्याराव सगळ्यांच्या शेवटी उभा होता.

"मंगळवारी तुमी दुपारी जरा लवकर वर आला व्हता," ती म्हणाली.

"पाय मुरगाळला व्हता."

"म्हनून कापलं न्हाई. फकस्त सांगून ठेवलं."

"मालकीन बरुबर बोलायली, तात्या," पंडित म्हणाला. "मुजरा कर."

तात्यारावने खरंच वाकून मुजरा केला. सुलाबाईने पदराने तोंड झाकलं, पण हसू पदराच्या बाहेर आलं.

पाषाण तात्यारावच्या अंदाजापेक्षा कठीण निघाला. पहारी चार वेळा लोहाराकडे न्याव्या लागल्या. रोहिण्या लागायच्या थोडं आधी, ऐन कडक उन्हात, एका सुरुंगानंतर दगड उपसताना पंडितच्या तळपायाला गार लागलं. तो तसाच उभा राहिला. कुणाला हाक मारली नाही. वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"गोड हाय," तो म्हणाला, आणि मग त्याने वर पाहिलं. काठावर अख्खी वस्ती वाकली होती.

तात्यारावच्या पाच वर्षांच्या दुबईतून सुरुंगाची दारू आली, चौघांची मजुरी झाली, काठाचे घडीव दगड आले आणि एक लोखंडी कप्पी आली. शेवटी थोडे पैसे उरले. ते घेऊन सुलाबाई स्वतः मानवतच्या बाजाराला गेली आणि एक पितळी पोहरा व एक लांब चऱ्हाट घेऊन आली. चऱ्हाट तिने ओढून, ताणून, पीळ बघून घेतलं होतं. आता वस्तीच्या घागरी स्टेशनच्या नळावर नाही, याच चऱ्हाटावर भरणार होत्या.